दोन सर्व्हरचा क्लस्टर: वीज तोडणारे फेन्सिंग आणि नेटवर्कचा दुसरा मार्ग कसा आखावा?

मांजराकाठ, लातूर

सर्वांना नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संगणक व्यवस्थेचे काम मी पाहतो. आमच्याकडे दोन सर्व्हर असून एक पडला तर दुसऱ्याने काम उचलावे असा त्यांचा क्लस्टर केला आहे. त्यांवर लिनक्स, पेसमेकर (कोणती सेवा कुठे चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (सर्व्हरना एकमेकांची खबर देणारे) चालते. पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा डीआरबीडीमार्फत (डिस्कची नेटवर्कवरून प्रत ठेवणारी सोय) पहिल्याकडून दुसऱ्याकडे सतत उतरत राहतो. पहिला सर्व्हर मुख्य इमारतीत आहे आणि दुसरा आवारातल्या मागच्या नव्या इमारतीत. दोन्हींमध्ये सुमारे १५० मीटर फायबर टाकलेली असून तिच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या नेटवर्क केबलशी जोडणारे डबे) आहेत. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीतून काम चालावे, असा त्या वेळी हिशेब केला होता.

मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या भागाची डीपी जळाली. मुख्य इमारत जनरेटरवर गेली. नव्या इमारतीला जनरेटर नाही, पण तिथला सर्व्हर आणि राउटर मोठ्या बॅटऱ्यांच्या यूपीएसवर असल्यामुळे तेही चालू राहिले. बंद पडला तो फक्त नव्या इमारतीतला मीडिया कन्व्हर्टर, कारण तो मीच वर्षभरापूर्वी घाईघाईने व्हरांड्यातल्या साध्या इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावून दिला होता, आणि तो इन्व्हर्टर तासाभरात बसला. दुसऱ्या सर्व्हरला पहिला दिसेनासा झाल्यावर त्याने डेटाबेस स्वतःकडे सुरू केला. पहिल्याकडे तो चालू होताच. मुख्य इमारतीतील काउंटरच्या पावत्या पहिल्या सर्व्हरवर लिहिल्या जात राहिल्या, आणि शाखांची इंटरनेट जोडणी नव्या इमारतीत उतरत असल्यामुळे औसा, निलंगा व उदगीरच्या नोंदी दुसऱ्यावर पडत राहिल्या. पावणेदोन तासांनी फायबर पुन्हा जिवंत झाली, तेव्हा डीआरबीडीने ‘स्प्लिट ब्रेन’ (दोन्हीकडे वेगवेगळा डेटा झाला) असा निरोप देऊन जोडणी तोडून टाकली. त्यानंतरच्या तीन रात्री आम्ही दोन्हीकडच्या नोंदी हातांनी जुळवण्यात घालवल्या.

कबूल करायची गोष्ट अशी की आमच्या संरचनेत स्टोनिथ, म्हणजे गप्प झालेल्या सर्व्हरची वीज तोडून त्याला बाजूला करणारे फेन्सिंग, बंद होते. सुरुवातीला ते बंद केल्याखेरीज पेसमेकर एकही सेवा सुरू करत नव्हता, म्हणून तात्पुरते बंद केले आणि ते तात्पुरतेपण चार वर्षे टिकले. आता नव्याने आखणी करायची आहे. वीज तोडण्याची सोय कशी करावी आणि नेटवर्कचे मार्ग किती व कोणते ठेवावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडकीचा_पाणचक्कीवाला, छत्रपती संभाजीनगर

स्टोनिथचे साधन दिले नसताना पेसमेकर अडून बसतो, हा त्याचा दोष नसून त्याचा प्रामाणिकपणा आहे, हे आधी नोंदवतो. समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही, एवढेच क्लस्टरमधल्या सदस्याला कळू शकते. तो मेला आहे, गोठला आहे, की फक्त मधली तार तुटली आहे, हे त्याला जागेवर बसून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून स्टोनिथ अंदाज बांधत बसत नाही. ते समोरच्याची वीज तोडते, वीज तुटल्याची खात्री करून घेते, आणि मगच डेटाला हात लावू देते. ही खात्री नसेल तर एकाच वावरात दोघे दोन तिफणी हाकतात, आणि आपल्याकडे नेमके तेच घडले.

दोन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये बहुमत ही कल्पनाच लंगडी असते. कोरोसिंकमध्ये ‘टू-नोड’ हा पर्याय लावला की एका मतावरही कोरम (निर्णयासाठी लागणारी मतसंख्या) धरला जातो, त्यामुळे दुरावलेले दोघेही स्वतःला वैध समजतात. तिथे निवाडा फक्त फेन्सिंग करू शकते. या पर्यायासोबत ‘वेट फॉर ऑल’ आपोआप लागू होते, ते बंद करू नये. त्याचा अर्थ असा की बंद अवस्थेतून उठलेला सर्व्हर, एकदा तरी दोघेही एकमेकांना दिसेपर्यंत काही सुरू करत नाही. ते नसेल तर मारला गेलेला सर्व्हर पुन्हा उठतो, तार तुटलेलीच असल्यामुळे समोरच्याला मारतो, मग तो उठून याला मारतो, आणि सकाळपर्यंत हा खेळ चालू राहतो.

आता साधनाविषयी. बहुतेक सर्व्हरमध्ये बीएमसी (सर्व्हरची देखरेख करणारी छोटी स्वतंत्र चिप) असते, आणि आयपीएमआय या नेटवर्कवरच्या आज्ञापद्धतीने तिला ‘वीज बंद कर’ असे सांगता येते. हे स्वस्त आहे, सोयीचे आहे, आणि पहिली पायरी म्हणून योग्यही आहे. परंतु बीएमसी त्याच सर्व्हरच्या वीजपुरवठ्यावर जगते. सर्व्हरची वीजच गेली तर बीएमसीही जाते, फेन्सिंगच्या आज्ञेला उत्तर मिळत नाही, आणि उरलेला धडधाकट सर्व्हर खात्री न झाल्यामुळे हातावर हात ठेवून बसतो. आपल्या भागात सर्व्हर जाण्याचे सर्वांत मोठे कारण वीज हेच असल्यामुळे, ज्या प्रसंगासाठी क्लस्टर उभारला त्याच प्रसंगी तो थांबेल. म्हणून दुसरी पायरी म्हणून सर्व्हरच्या बाहेर असलेले साधन हवे, म्हणजे प्रत्येक सॉकेट नेटवर्कवरून चालू-बंद करता येणारा पीडीयू. पेसमेकरमध्ये फेन्सिंगच्या पातळ्या लावता येतात. पहिली पातळी अयशस्वी झाली की तो दुसरीकडे जातो.

दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरबाबत एक खबरदारी घ्यावी लागते. दोन पीडीयूंवरचे दोन्ही सॉकेट एकाच पातळीत नोंदवावेत, म्हणजे आधी दोन्ही बंद होतील आणि नंतरच दोन्ही चालू होतील. एक बंद करून चालू केला, मग दुसरा बंद करून चालू केला, तर सर्व्हर क्षणभरही मरत नाही आणि अहवाल मात्र ‘यशस्वी’ असा येतो.

धारूरचा_घाट, बीड

मला थोडे उलटे विचारायचे आहे. आपल्याला क्लस्टर खरोखर हवा आहे का? एक चांगला सर्व्हर, शेजारी बंद ठेवलेला दुसरा, पोस्टग्रेसची सततची प्रतिकृती आणि जबाबदार माणूस, एवढ्यावर अनेक संस्था सुखाने चालतात. माणूस येऊन, पाहून, पहिला बंद असल्याची खात्री करून दुसरा सुरू करतो, तेव्हा तेही फेन्सिंगच असते. चुकीचा क्लस्टर एकट्या सर्व्हरपेक्षा जास्त वेळा बंद पडतो, असे माझे मत आहे.

मांजराकाठ, लातूर

आपला मुद्दा मला पटतो, आणि त्या तीन रात्रींत मीही हाच विचार करत होतो. पण तो जबाबदार माणूस मी एकटाच आहे, आणि मी शाखांच्या कामासाठी आठवड्यातले तीन दिवस बाहेर असतो. उदगीरहून लातूरला पोहोचेपर्यंत काउंटरसमोरची रांग रस्त्यावर येते. त्यामुळे स्वयंचलित व्यवस्था हवीच आहे, फक्त ती नीट हवी.

भर_दुपारची_परभणी

फेन्सिंगची चर्चा चालू असताना मी वायरमनच्या बाजूने लिहितो, कारण माझे मूळ काम तेच आहे.

पहिली गोष्ट यूपीएसची. दोन पॉवर सप्लाय असतील तर एक सप्लाय पहिल्या यूपीएसवर आणि दुसरा दुसऱ्यावर असावा, आणि कोणताही यूपीएस निम्म्याहून अधिक भरलेला नसावा. एक यूपीएस गेल्यावर सगळा भार दुसऱ्यावर येतो. तो आधीच ७० टक्के भरलेला असेल तर तोही ओव्हरलोड होऊन बंद होतो, आणि दोन यूपीएसचे पैसे वाया जातात. स्विच, राउटर, मीडिया कन्व्हर्टर, पीडीयूची नेटवर्क बाजू ही सगळी छोटी साधने त्याच यूपीएसवर असली पाहिजेत. सर्व्हर जोवर जागा आहे तोवर त्यांच्यातला रस्ताही जागा हवा. आपल्याकडे जे झाले ते मीडिया कन्व्हर्टर चुकीच्या सॉकेटला लावल्यामुळे झाले.

दुसरी गोष्ट फेजची. आपल्याकडे पूर्ण वीज जाण्याइतकेच एक फेज जाण्याचे प्रकार होतात. थ्री फेज जोडणी असेल तर दोन यूपीएस दोन वेगळ्या फेजवर घेण्याचा फायदा होतो. मात्र तसे केल्यास एकाच रॅकमध्ये दोन फेजमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब येतो, हे रॅकवर ठळक लिहावे आणि तिथे परवानाधारक वायरमनखेरीज कोणी हात घालू नये. न्यूट्रल तुटण्याचा प्रसंग सर्वांत वाईट असतो, कारण कमी भाराच्या फेजवरचा दाब २३० वरून बराच वर चढतो आणि सप्लाय जळतात. त्यासाठी यूपीएसच्या आधी जास्त दाबावर तुटणारे संरक्षण लावावे.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आमच्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. वीज गेली की एसी थांबतो, सर्व्हर चालूच राहतात, आणि बंद खोलीतल्या बॅटऱ्या भाजतात. कागदावर पाच वर्षांची असलेली बॅटरी आमच्याकडे दोन उन्हाळ्यांनंतर मोजून पाहावी लागते. अर्थिंगचे तेच. मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडा पडतो आणि काळ्या जमिनीला भेगा जातात, तेव्हा त्यात नियमाने पाणी ओतावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी अर्थिंगला पाणी द्या असे म्हणायची कोणाची छाती झाली असेल, हे मात्र मला ठाऊक नाही.

मोंढा_नाका, जालना

नेटवर्कवर लिहितो. आमच्या कारखान्यातल्या तीन सर्व्हरच्या क्लस्टरचा काही अनुभव गाठीशी आहे.

कोरोसिंक ३ मध्ये क्रोनोसनेट हा नेटवर्कचा थर आहे आणि तो आठपर्यंत स्वतंत्र दुवे सांभाळते. त्यामुळे निदान दोन दुवे द्यावेत, आणि दोन्ही दुवे वेगळ्या कार्डावरून, वेगळ्या स्विचमधून, वेगळ्या वाटेने जावेत. यातले ‘वेगळ्या वाटेने’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. एकाच पाइपात दोन फायबर घातल्या तर जेसीबीला त्या एकच वाटतात. आमच्याकडे दुसरा दुवा छतावरच्या बिनतारी जोडणीने नेला आहे. त्याचा वेग कमी आहे, पण क्लस्टरच्या हृदयाच्या ठोक्यांना वेग फारसा लागत नाही, फक्त सातत्य लागते. डीआरबीडीचा भार मात्र त्यावर टाकू नये. इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकण्याचा मोह तर मुळीच नको. १०० मीटरची मर्यादा आहेच, शिवाय वळवाच्या विजांमध्ये दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या केबलमधून वाहतो आणि दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जातो.

काउंटर व शाखांच्या संगणकांकडे जाणारे नेटवर्क बाँडिंगने (दोन नेटवर्क पोर्ट एकत्र बांधून) दुहेरी करावे. दोन साधे, एकमेकांशी न जोडलेले स्विच असतील तर ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ हीच, म्हणजे एक पोर्ट चालू आणि दुसरा राखीव ठेवणारी, पद्धत वापरावी. दोन्ही पोर्ट एकाच वेळी वापरणाऱ्या एलएसीपीसाठी दोन्ही स्विच एकत्र स्टॅक केलेले (जोडून एकच केलेले) किंवा त्या सोयीचे असावे लागतात, आणि स्टॅक म्हणजे पुन्हा एकच मेंदू. बाँडची ‘एमआयआयमॉन’ ही देखरेख फक्त आपल्या पोर्टवर दिवा आहे की नाही एवढेच पाहते. स्विच जागा पण पुढची वाट बंद, अशा स्थितीतही ती सगळे खुशाल आहे असे समजते. तिथे एआरपी या पद्धतीने गेटवेला (नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराला) हाक मारून पाहणारी देखरेख उपयोगी पडते.

एका बारीक गोष्टीने आम्हाला महिनाभर छळले. बंद पडलेला स्विच पुन्हा सुरू झाला की त्याच्या पोर्टवर दिवा लगेच लागतो, पण जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमध्ये फेरे होऊ न देणारी स्विचची सोय) पोर्ट प्रत्यक्ष वाहतूक सोडायला ३० सेकंद घेतो. बाँड दिवा पाहून त्या मुक्या पोर्टवर परत जायचा, कोरोसिंकचे टोकन (सर्व्हरमध्ये फिरणारी हजेरीची खूण) हरवायचे आणि सर्व्हर मारला जायचा. सर्व्हरच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ लावणे (म्हणजे तो न थांबता वाहतूक सोडतो) आणि बाँडला ‘अपडिले’, म्हणजे दिवा लागल्यावर थोडे थांबण्याची मुदत, देणे हा त्यावरचा उपाय ठरला. टोकनची मुदत जुन्या आवृत्त्यांत १००० मिलिसेकंद होती, ३.१ पासून ती ३००० झाली. स्विच बदलण्याचा आपला वेळ मोजून मुदत त्याहून थोडी अधिक ठेवावी. मात्र फेन्सिंग टाळण्यासाठी ती मिनिटभर ताणणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणे होय.

गोदातीर, नांदेड

पीडीयू महाग पडतात. त्याऐवजी कोरम ठरवणारे तिसरे मत, म्हणजे क्यूडिव्हाइस, लावले तर चालणार नाही का? ते एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये याच दोन सर्व्हरपैकी एकावर ठेवता येईल. शिवाय एसबीडी (सर्व्हरने स्वतःलाच रीसेट करण्याची सोय) आणि वॉचडॉग वापरले तर वीज तोडायचे साधनच लागत नाही, असे वाचले आहे.

खडकीचा_पाणचक्कीवाला, छत्रपती संभाजीनगर

गोदातीर, यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करू.

भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरात पंचाला राहायला दिले तर ते घर पडल्यावर पंचही जातो. त्यामुळे क्यूडिव्हाइसचा सर्व्हर तिसऱ्या जागीच हवा. तो अगदी हलका असतो, एखाद्या शाखेतल्या लहान संगणकावर किंवा रास्पबेरी पायवरही चालतो, आणि कोरोसिंकच्या दुव्यापेक्षा त्याला नेटवर्कचा विलंब अधिक चालतो. पण तो फेन्सिंगची जागा घेत नाही. कोणाला चालू राहण्याचा अधिकार आहे, एवढेच तो सांगतो. अधिकार गेलेला सर्व्हर गोठलेला असेल तर त्याला निरोप ऐकूही येत नाही, आणि दहा मिनिटांनी जागा झाल्यावर तो अर्धवट राहिलेले लेखन पूर्ण करू पाहतो.

एसबीडी ही मात्र खरी सोय आहे. त्यात वॉचडॉग हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र घड्याळजी असतो. त्याला ठरावीक वेळात थाप मिळाली नाही की तो सर्व्हर रीसेट करतो. यासाठी खरा हार्डवेअर वॉचडॉग हवा. ‘सॉफ्टडॉग’ हा सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग त्याच कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) अवलंबून असल्यामुळे त्यावर विसंबू नये. सामायिक डिस्क असेल तर तिच्यावर मृत्यूची चिठ्ठी ठेवता येते, पण डीआरबीडीची डिस्क त्यासाठी चालत नाही, कारण दुवा तुटल्यावर ती सामायिक राहतच नाही. बिनडिस्कचे एसबीडी वापरायचे तर तीन सदस्य किंवा दोन सदस्य आणि क्यूडिव्हाइस लागतो. म्हणजे तिसऱ्या जागी पंच आणि प्रत्येकाकडे खरा वॉचडॉग, एवढे असेल तर पीडीयूशिवाय निभावते.

मांजराकाठ, आपल्यासाठी याहून महत्त्वाचा प्रश्न अंतराचा आहे. दोन इमारतींमधली सर्व वाट तुटली तर बीएमसी आणि पीडीयूपर्यंतही हात पोहोचत नाही. मग क्लस्टर थांबतो. हे सुरक्षित आहे, पण काउंटर बंद. माझा सल्ला असा की दोन्ही सर्व्हर जनरेटर असलेल्या मुख्य इमारतीत एकाच खोलीत आणावेत, त्यांच्यात सरळ केबल टाकावी, आणि नवी इमारत फक्त बॅकअपसाठी ठेवावी. आगीची भीती बॅकअपने भागते. आग वर्षानुवर्षे लागत नाही, वीज मात्र आठवड्याला जाते.

मांजराकाठ, लातूर

अंतराचा मुद्दा वाचून दोन दिवस मन खट्टू झाले होते, कारण ती फायबर मी भांडून मंजूर करून घेतली होती. पण तो खरा आहे. सर्व्हर हलवले. आता आखणी अशी आहे. दोन सर्व्हर, दोन यूपीएस, दोन पीडीयू. दोन्ही सर्व्हरमध्ये डीआरबीडीसाठी आणि कोरोसिंकच्या पहिल्या दुव्यासाठी सरळ केबल. दुसरा दुवा दोन स्विचवरच्या बाँडमधून. बीएमसींना त्यांचा स्वतंत्र पोर्ट वापरला आहे, आधी त्या सर्व्हरच्या मुख्य पोर्टवरच वाटेकरी होत्या. बीएमसी आणि पीडीयू वेगवेगळ्या स्विचवर आहेत, म्हणजे एक स्विच गेला तरी फेन्सिंगची एक पातळी उरते.

एक शंका आहे. दुवे तुटले आणि दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना मारले तर दोन्ही बंद होतील. त्यासाठीचा विलंब कोणावर लावायचा?

मोंढा_नाका, जालना

ज्याला वाचवायचे आहे, त्याला मारणाऱ्या साधनावर विलंब लावायचा. पहिला सर्व्हर जगावा असे वाटत असेल तर पहिल्याची वीज तोडणाऱ्या साधनाला पाच-दहा सेकंदांचा ‘डिले बेस’ द्यावा. तेवढ्या वेळात पहिला दुसऱ्याला मारून मोकळा होतो. लोक हे हमखास उलटे लावतात, मीही लावले होते. डेटाबेस ज्याच्याकडे चालू आहे तोच जगावा असे हवे असेल, तर नव्या पेसमेकरमध्ये ‘प्रायॉरिटी फेन्सिंग डिले’ आहे, तो पाहावा.

चाचणी घेताना इंटरफेस आज्ञेने खाली पाडू नये. कोरोसिंकला तो प्रसंग तार तुटण्यासारखा दिसत नाही. केबल हाताने उपटावी, स्विचची वीज काढावी, कर्नल मुद्दाम कोसळवावा, आणि सर्वांत शेवटी एका सर्व्हरच्या दोन्ही वीजतारा काढाव्यात.

भर_दुपारची_परभणी

आणि यूपीएस संपत आल्यावर काय होते तेही पाहा. बॅटरी कमी झाल्याचा इशारा मिळाला की आधी दोन्हीकडचा क्लस्टर एकदम थांबवावा आणि मग सर्व्हर बंद करावेत. नाहीतर पहिला बंद होतो, दुसरा उत्साहाने सगळा भार उचलतो, आणि अर्ध्या मिनिटात तोही बंद होतो. डेटाबेसला असे दोनदा हेलपाटे घालायला लावू नये.

मांजराकाठ, लातूर

रविवारी चाचण्या घेतल्या. केबल उपटणे, स्विच बंद करणे आणि कर्नल कोसळवणे या तिन्हींत अपेक्षेप्रमाणे झाले. पहिल्या फेन्सिंगला मात्र चार सेकंद जास्त लागले, कारण बंद करण्याची आज्ञा पॉवरचे बटण हळुवार दाबल्यासारखी पोहोचत होती आणि लिनक्स सभ्यपणे आवराआवर करू लागत होते. लॉगिन सेवेत ते बटण दुर्लक्षित करायला सांगितल्यावर सर्व्हर तत्काळ बंद होऊ लागला.

वीजतारा काढण्याच्या चाचणीत दोन गोष्टी दिसल्या. बीएमसी मेलेली असल्यामुळे पहिली पातळी मुदत संपेपर्यंत वाट पाहत राहिली, आणि पीडीयूची पाळी यायला मिनिटाहून अधिक गेले. तो वेळ आता २० सेकंदांवर आणला आहे. दुसरी गोष्ट मला उलगडलेली नाही. पीडीयूने सॉकेट बंद केले आणि पुन्हा चालू केले, पण तारा परत लावल्यावरही सर्व्हर उठला नाही. तो बटण दाबून सुरू करावा लागला.

खडकीचा_पाणचक्कीवाला, छत्रपती संभाजीनगर

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करावे, याची निवड असते: बंद राहणे, पूर्वीची स्थिती किंवा नेहमी सुरू होणे. आपल्याकडे पहिली असावी. मी स्वतः ती मुद्दाम तशीच ठेवतो आणि स्टोनिथची कृतीही ‘रीबूट’ ऐवजी ‘ऑफ’ करतो, कारण मारला गेलेला सर्व्हर का मेला हे पाहिल्याशिवाय त्याला परत आत घेणे मला आवडत नाही. पण आपण आठवड्यातले तीन दिवस बाहेर असता, तेव्हा ‘नेहमी सुरू’ ठेवलेले बरे.

मांजराकाठ, लातूर

तसेच निघाले. दोन्ही सर्व्हरवर बदलले, आणि आज दुपारी तारा काढून-लावून पाहिल्या. सर्व्हर आपोआप उठला, जोडीदार दिसेपर्यंत थांबला, आणि मग डीआरबीडीचा राहिलेला डेटा उतरवून घेऊ लागला. उरलेले काम अर्थिंगच्या खड्ड्याचे आहे. शिपाईमामांनी दर सोमवारी दोन घागरी ओतायचे कबूल केले आहे.